फ्रँकलिन रूझवेल्ट : जीवन परिचय, आणि लुळेपणाबद्दल मी वर्गात केलेली एक चूक



३ डिसेंबर म्हणजे जागतिक दिव्यांग दिन. त्या दिवशी आपण सगळेच परिपाठात एखादी प्रेरणादायी गोष्ट सांगतो. काही वर्षांपूर्वी मीही सांगितली होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओ झाला, पाय लुळे पडले, पण त्यांनी जिद्द सोडली नाही, जिद्दीच्या जोरावर ते पुन्हा उभे राहिले, चालले आणि राष्ट्राध्यक्ष झाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मलाही बरं वाटलं.

माझ्या वर्गात तेव्हा तिसरीत एक मुलगी होती. जन्मापासूनच तिचे स्नायू सैल. भिंतीला धरून, बाकांना धरून चालायची. त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने व्हरांड्यात भिंत सोडली आणि एकटी चालायला गेली. चार पावलांवर तोंडावर पडली. हनुवटी फुटली, रक्त आलं. मी जखम पुसत होते तेव्हा तिने रडत रडत मला विचारलं, की बाई, माझी जिद्द कमी आहे का.

मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्रीपासून मी रूझवेल्ट यांच्याबद्दल नीट वाचायला घेतलं आणि लक्षात आलं, की मी मुलांना चुकीची गोष्ट सांगितली होती. रूझवेल्ट यांचे पाय कधीच बरे झाले नाहीत. ते आधाराशिवाय पुन्हा कधीच चालले नाहीत. मग ते राष्ट्राध्यक्ष कसे झाले? खरी गोष्ट तिथेच आहे, म्हणून आजचा हा लेख. थोडा मोठा झालाय, पण शेवटपर्यंत वाचा.

जन्म व बालपण

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क या गावी झाला. वडिलांचे नाव जेम्स, आईचे नाव सारा. घर हडसन नदीच्या काठी, शेतीवाडी मोठी, पैशाला कमी नाही. आईचा हा एकुलता एक मुलगा, त्यामुळे लाडाकोडात वाढला. चौदा वर्षांचा होईपर्यंत शिक्षण घरीच झाले. शिकवायला शिक्षक घरी यायचे. पोहणे, घोड्यावर बसणे, आणि सगळ्यात जास्त आवड म्हणजे शिडाची नाव चालवणे. पुढे ग्रोटन येथील निवासी शाळा आणि मग हार्वर्ड विद्यापीठ.

१९०५ साली त्यांचे लग्न एलिनॉर यांच्याशी झाले. त्या नात्यातल्याच, दूरच्या. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे एलिनॉर यांचे सख्खे काका, त्यांनीच कन्यादानासारखा विधी केला. या दाम्पत्याला सहा मुले झाली, त्यातले एक तान्हेपणीच गेले.

१९१० मध्ये फ्रँकलिन न्यूयॉर्कच्या राज्य सिनेटवर निवडून आले. १९१३ ते १९२० या काळात ते नौदल खात्यात उपमंत्र्याच्या दर्जाचे अधिकारी होते. १९२० मध्ये उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली, ती हरले. पण वय अवघे ३८. उंच, देखणा, दणकट माणूस. पुढे खूप जाणार असे सगळ्यांनाच वाटत होते.

ऑगस्ट १९२१

कॅनडाच्या हद्दीत कँपोबेलो नावाचे बेट आहे. तिथे रूझवेल्ट कुटुंबाचे उन्हाळी घर होते. १० ऑगस्ट १९२१ रोजी फ्रँकलिन मुलांना घेऊन नावेतून फिरायला गेले. वाटेत एका बेटावर वणवा दिसला, तो विझवायला उतरले. परत येऊन पोहले. मग ओल्या कपड्यांतच पत्रे वाचत बसले. अंगात हुडहुडी भरली, म्हणून लवकर झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी ताप. एक पाय जड वाटू लागला. मग दुसराही. १२ तारखेपर्यंत त्यांना उभेही राहता येईना. ज्या माणसाने दोन दिवसांपूर्वी वणवा विझवला, त्याला आता कूस बदलायला माणूस लागत होता.

पहिल्या डॉक्टरांना वाटले साधी सर्दी आहे. दुसरे मोठे शल्यचिकित्सक आले, त्यांना वाटले मणक्यात रक्ताची गुठळी झाली आहे. त्यांनी पाय जोरात चोळायला सांगितले. एलिनॉर आणि फ्रँकलिन यांचे सहकारी लुई हाउ हे दोघे दिवसरात्र पाय चोळत राहिले. त्याने प्रचंड वेदना व्हायच्या, उपयोग शून्य. शेवटी २५ ऑगस्टला बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट लव्हेट आले. त्यांनी तपासून सांगितले, हा पोलिओ आहे, चोळणे ताबडतोब थांबवा. म्हणजे जवळजवळ दोन आठवडे चुकीच्या उपचारात गेले होते. त्या वेळी फ्रँकलिन ३९ वर्षांचे होते.

(इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवते. २००३ मध्ये काही डॉक्टरांनी जुन्या नोंदी तपासून, हा आजार पोलिओ नसून गियाँ-बारे सिंड्रोम असावा असे मत मांडले. त्यावर अजून वाद आहे. दोन्ही आजारांत पाय लुळे पडतात, त्यामुळे आपल्या विषयात फरक पडत नाही.)

लुळेपणा म्हणजे नक्की काय?

आता जरा विज्ञान. हे आपल्याला समजले तरच मुलांना समजावता येईल.

आपण निवांत बसलेलो असलो तरी आपले स्नायू पूर्ण सैल नसतात. मेंदूकडून आणि मज्जारज्जूकडून त्यांना सतत बारीक बारीक निरोप जात असतात. त्यामुळे स्नायूंत एक हलका ताण कायम असतो. या ताणामुळेच मान सरळ राहते, पाठ ताठ राहते, उभे राहिल्यावर गुडघा दुमडत नाही. नवारीची खाट आठवा. नवार ताणलेली असेल तर खाट माणसाचे वजन पेलते. नवार सैल पडली की खाट तीच, लाकूडही तेच, पण माणूस खाली जातो. स्नायूंचेही तसेच आहे.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो. बहुतेकांना त्याचा त्रासही होत नाही. साधारण २०० जणांत एखाद्याच्या बाबतीत तो मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूंना निरोप देणाऱ्या पेशी मारून टाकतो. निरोप बंद, की स्नायूचा ताण जातो. पाय मऊ, लोंबता होतो. यालाच आपण लुळेपणा म्हणतो. वापर नसल्यामुळे पुढे स्नायू वाळत जातो आणि पाय काडीसारखा होतो.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पोलिओत पायाची जाणीव जात नाही. स्पर्श कळतो, टाचणी टोचलेली कळते, दुखणेही कळते. फक्त हलवता येत नाही. दुसरी, मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत. ज्या थोड्या वाचल्या असतील त्या जवळच्या स्नायूंचा भार थोडाफार उचलतात, म्हणून पहिल्या वर्ष-दोन वर्षांत व्यायामाने काही सुधारणा होते. त्यापुढे फारशी नाही. इथे इच्छाशक्तीचा प्रश्नच येत नाही. तार तुटली असेल तर बटण कितीही जोरात दाबले तरी दिवा लागत नाही.

आणि लुळेपणाचे कारण दरवेळी पोलिओच असते असे नाही. काही मुलांचे स्नायू जन्मतःच सैल असतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये हे बऱ्याचदा दिसते. काही मुलांना स्नायूंचा आजार असतो आणि ताकद वर्षागणिक कमी होत जाते. उलट सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांचे स्नायू सैल नसून कडक असतात. म्हणून प्रत्येक मुलाचे कारण वेगळे, उपायही वेगळा.

पुन्हा चालण्याची सात वर्षे

सप्टेंबरमध्ये फ्रँकलिन यांना स्ट्रेचरवर घालून बोटीतून आणि मग रेल्वेने न्यूयॉर्कच्या रुग्णालयात नेले. स्ट्रेचरवरचे फ्रँकलिन लोकांना दिसू नयेत याची लुई हाउ यांनी खबरदारी घेतली. लपवाछपवी तिथूनच सुरू झाली.

घरी दोन मते होती. आईचे म्हणणे, आता राजकारण पुरे, हाइड पार्कला येऊन शांतपणे राहा. एलिनॉर आणि लुई हाउ यांचे म्हणणे, याला घरात बसवले तर हा मनाने मरेल. या दोघांचे मत टिकले. एलिनॉर स्वभावाने बुजऱ्या होत्या, पण नवऱ्याचे नाव लोकांसमोर राहावे म्हणून त्या सभांमध्ये बोलायला शिकल्या. पुढे त्या स्वतःच जगात मोठ्या झाल्या. घरातले एक माणूस आजारी पडले की सगळे घर बदलते, हे पालक म्हणून आपल्याला माहीत आहेच.

फ्रँकलिन यांना कंबरेपासून पावलापर्यंत पोलादी कॅलिपर बसवले. वजन सुमारे साडेचार किलो. गुडघ्याजवळ कुलपासारखी कळ. ती लावली की पाय काठीसारखा ताठ, काढली की बसता येते. पलंगावर टांगलेल्या कड्यांना धरून त्यांनी हात, खांदे आणि छाती इतकी मजबूत केली की वरून बघणाऱ्याला ते पहिलवान वाटावेत. घरात सामान वर-खाली करायची हाताने ओढायची लिफ्ट होती, तिच्यात बसून दोर ओढत ते वरच्या मजल्यावर जायचे. आगीची त्यांना फार भीती होती. आग लागली तर आपण अडकून पडू, म्हणून ते जमिनीवर सरपटत दारापर्यंत जाण्याचा सराव करायचे. विचार करा, पुढचा राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या घरात सरपटायला शिकतो आहे.

जून १९२४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पक्षाचे अधिवेशन होते. अल स्मिथ यांचे नाव सुचवायला फ्रँकलिन व्यासपीठावर गेले. एका हाताने मुलगा जेम्सचा दंड धरलेला, दुसऱ्या बगलेत कुबडी. शेवटचे काही फूट दोन्ही कुबड्यांवर एकटे गेले. भाषण संपेपर्यंत दोन्ही हातांनी समोरचा डेस्क घट्ट धरून ठेवला होता, कारण हात सुटला तर ते पडणार होते.

त्यांची चाल कशी होती तेही समजून घ्या. पाय उचलत नव्हते. कॅलिपरने ताठ केलेला पाय ते कंबरेला झोका देऊन पुढे टाकायचे. एका हातात काठी, दुसरा हात मुलाच्या किंवा मदतनिसाच्या दंडात. लोकांना वाटायचे बापलेक गप्पा मारत चालले आहेत. प्रत्यक्षात त्या दंडावर बोटांचे वळ उठायचे इतका भार असायचा. वरून हसतमुख चेहरा. हा सराव त्यांनी वर्षानुवर्षे केला. मेहनत, चिकाटी म्हणायची तर ही. पण पाय बरे झाले नव्हते.

वॉर्म स्प्रिंग्ज : रॅम्प असलेले गाव

आता माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज नावाचे खेडे आहे. तिथे कोमट पाण्याचे झरे आहेत, तापमान साधारण ३१ अंश सेल्सिअस. पोलिओ झालेला एक तरुण त्या पाण्यात पोहून पोहून काठीच्या आधाराने चालू लागला, असे फ्रँकलिन यांच्या कानावर आले. ऑक्टोबर १९२४ मध्ये ते तिथे गेले. पाण्यात अंगाचे वजन कमी होते, त्यामुळे जमिनीवर न हलणारा अशक्त स्नायूही पाण्यात थोडा हलतो. कोमट असल्यामुळे दमही लवकर लागत नाही. त्यांना फार बरे वाटले. पाण्याने मेलेल्या पेशी जिवंत झाल्या नाहीत, पण उरलेल्या ताकदीचा वापर करता आला.

त्यांच्याबद्दल वर्तमानपत्रात छापून आले आणि पुढच्या वर्षी देशभरातून पोलिओचे रुग्ण न सांगता रेल्वेने येऊन उतरू लागले. जवळ पैसे नाहीत, राहायची सोय नाही. हॉटेलात उतरलेले धडधाकट पाहुणे तक्रार करू लागले. रोग लागेल म्हणून त्यांना या लोकांबरोबर एका पंगतीत जेवायचे नव्हते, एका तळ्यात पोहायचे नव्हते. मग रुग्णांसाठी वेगळे तळे केले गेले. फ्रँकलिन स्वतः पाण्यात उतरून त्यांना व्यायाम शिकवायचे, कोणाचा कोणता स्नायू किती हलतो याच्या नोंदी ठेवायचे. रुग्ण त्यांना गमतीने डॉक्टर म्हणायचे.

१९२६ मध्ये त्यांनी सुमारे दोन लाख डॉलर घालून ती सगळी जागा विकत घेतली. ही त्यांच्या स्वतःच्या संपत्तीतली फार मोठी रक्कम होती. १९२७ मध्ये तिथे संस्था स्थापन झाली. तिथे पायऱ्यांच्या जोडीला उतार आले, म्हणजे आपण ज्याला रॅम्प म्हणतो ते. चाकाच्या खुर्चीत बसणे ही तिथे रोजची गोष्ट होती. कोणी टक लावून बघत नव्हते. मुले खुर्च्यांच्या शर्यती लावायची, नाटके बसवायची, एकत्र जेवायची. फ्रँकलिन तिथे वाळलेले पाय उघडे टाकून सगळ्यांबरोबर बसायचे. बाहेरच्या जगात ते असे कधीच बसले नाहीत.

त्यांनी स्वतःसाठी एका मोटारीला हाताने चालवायचे ब्रेक आणि क्लच बसवून घेतले. त्या गाडीतून ते आसपासच्या खेड्यांत फिरायचे, शेतकऱ्यांशी रस्त्यात गाडी थांबवून बोलायचे. श्रीमंत घरातल्या या माणसाने गरिबी जवळून पाहिली ती इथे. खेड्यांत वीज नाही आणि जिथे आहे तिथे फार महाग, हे त्यांना इथेच कळले. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १९३५ मध्ये त्यांनी ग्रामीण विद्युतीकरणाची योजना आणली. त्यांच्या मंत्रिमंडळातील फ्रान्सिस पर्किन्स या त्यांना आधीपासून ओळखत होत्या. तरुणपणी काहीसा गर्विष्ठ वाटणारा हा माणूस आजारानंतर लोकांचे दुःख समजू लागला, असे त्यांचे निरीक्षण होते.

एक उणीवही सांगितली पाहिजे. वॉर्म स्प्रिंग्जमध्ये फक्त गोऱ्या रुग्णांनाच प्रवेश होता. कृष्णवर्णीय मुलांसाठी टस्कीगी येथे वेगळे केंद्र निघाले, तेही १९४१ मध्ये. रॅम्प सगळ्यांसाठी आहे असे म्हणायला त्यांनाही जमले नाही.

राष्ट्राध्यक्षपद आणि लपवलेली खुर्ची

१९२८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदी आणि नोव्हेंबर १९३२ मध्ये राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले. ४ मार्च १९३३ रोजी शपथ घेतली तेव्हा अमेरिकेत महामंदी होती. साधारण चार कामगारांपैकी एक बेकार, बँका बंद. त्यांनी रेडिओवरून लोकांशी घरातल्या माणसासारख्या गप्पा सुरू केल्या, कामाच्या योजना काढल्या. १९३५ मध्ये सामाजिक सुरक्षा कायदा केला. त्यात वृद्धांचे निवृत्तिवेतन होते, तशीच अंध व्यक्तींसाठी आणि अपंग मुलांसाठी मदतीची तरतूद होती. १९३६, १९४० आणि १९४४ अशा पुढच्या तिन्ही निवडणुका ते जिंकले. चार वेळा निवडून आलेला दुसरा राष्ट्राध्यक्ष अमेरिकेत नाही. दुसऱ्या महायुद्धाचा बहुतेक सगळा काळ त्यांनी देश चालवला. १९४२ मध्ये भारताचा प्रश्न सुटावा म्हणून त्यांनी आपला खास प्रतिनिधी दिल्लीला पाठवला होता. त्याच वर्षी त्यांच्याच आदेशाने अमेरिकेतील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले गेले, हा डागही त्यांच्या नावावर आहे.

हे सगळे काम त्यांनी बसून केले. त्यांची चाकाची खुर्ची म्हणजे स्वयंपाकघरातली साधी खुर्ची, हात नसलेली, तिला चाके लावलेली. अरुंद दारातून जावी म्हणून तशी बनवून घेतलेली. ते जिथे जाणार तिथे आधी माणसे जाऊन रॅम्प बांधायची. भाषणाचा डेस्क त्यांचे वजन पेलेल असा पक्का बसवायची. व्हाइट हाउसमध्ये लोकवर्गणीतून पोहण्याचा तलाव बांधला गेला.

पण लोकांना यातले फार थोडे दिसायचे. त्यांना पोलिओ झाला होता हे माहीत होते, पण ते अजिबात चालू शकत नाहीत हे बहुतेकांना माहीत नव्हते. गाडीतून उतरताना, उचलून नेताना फोटो काढायचा नाही, असा अलिखित नियम होता. त्यांचे हजारो फोटो आहेत, खुर्चीतले मात्र बोटांवर मोजण्याइतकेच.

जून १९३६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मैदानावर सुमारे लाखभर लोक जमले होते. व्यासपीठाकडे जाताना एका वृद्ध कवीशी हात मिळवायला ते वळले, कॅलिपरची कळ निसटली आणि ते पडले. भाषणाचे कागद चिखलात विखुरले. सुरक्षारक्षकांनी घेराव केला, उचलले, कळ पुन्हा लावली, कपडे झटकले. ते हादरले होते, चिडले होते. पण काही मिनिटांत माईकसमोर उभे राहून त्यांनी भाषण केले. मैदानातल्या बहुतेकांना काही कळलेच नाही.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला व्हरांड्यात पडलेली माझी विद्यार्थिनी आठवली. राष्ट्राध्यक्ष पडला ते त्याची जिद्द कमी होती म्हणून नाही. कळ निसटली म्हणून. आणि उठला तो चार माणसांनी उचलले म्हणून.

शेवटची वर्षे

१ मार्च १९४५ रोजी ते अमेरिकेच्या संसदेत भाषणाला आले ते खुर्चीतून, आणि भाषणही बसूनच केले. पायात साडेचार किलो पोलाद घालून उभे राहणे आता जड जाते, म्हणून बसून बोलतो, समजून घ्या, अशा अर्थाचे त्यांनी उघडपणे सांगितले. चोवीस वर्षांनी ते सगळ्यांसमोर असे बोलले. सहा आठवड्यांनी, १२ एप्रिल १९४५ रोजी, मेंदूत रक्तस्राव होऊन त्यांचे निधन झाले. वय ६३. ठिकाण वॉर्म स्प्रिंग्ज. त्या वेळी त्यांचे चित्र काढणे चालू होते. ते अर्धवट राहिलेले चित्र आजही तिथे आहे.

दहा सेंट ते दोन थेंब

१९३८ मध्ये रूझवेल्ट यांनी पोलिओसाठी राष्ट्रीय संस्था सुरू केली. लोकांना सांगितले गेले, फक्त एक दहा सेंटचे नाणे पाठवा. पहिल्याच वर्षी व्हाइट हाउसच्या टपालात सुमारे २६ लाख ८० हजार नाणी आली. लहान मुलांनीसुद्धा खाऊचे पैसे पाठवले. या पैशातून जोनास साल्क यांचे संशोधन झाले. १९५४ मध्ये सुमारे १८ लाख मुलांच्या सहभागाने लशीची चाचणी झाली आणि १२ एप्रिल १९५५ रोजी, म्हणजे रूझवेल्ट यांच्या दहाव्या स्मृतिदिनी, लस परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. अमेरिकेच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९४६ मध्ये त्यांचा चेहरा आला तो याच कामामुळे.

पुढे तोंडावाटे द्यायची लस आली, आणि तिथून आपला संबंध सुरू होतो. आपल्याकडे १९९५ पासून पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. रविवारी बूथवर बसून डाव्या करंगळीला शाई लावण्याचे काम आपल्यापैकी कितीतरी जणांनी केले आहे. कंटाळाही केला असेल. पण जानेवारी २०११ मध्ये हावडा येथे सापडलेला रुग्ण हा भारतातील नैसर्गिक पोलिओचा शेवटचा रुग्ण ठरला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. त्यात आपलाही वाटा आहे.

पालकांनी मात्र एक लक्षात ठेवावे. पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर चोळत बसू नका, वाट बघू नका. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि आशाताईंना कळवा. पोलिओ परत आला नाही ना हे बघण्यासाठी अशा प्रत्येक मुलाच्या शौचाचे नमुने तपासले जातात.

खुर्चीचा पुतळा

१९९७ मध्ये वॉशिंग्टनमध्ये रूझवेल्ट यांचे स्मारक झाले. पुतळ्याच्या अंगावर मोठा झगा, त्यात खुर्ची जवळजवळ झाकलेली. दिव्यांग लोकांच्या संघटनांनी आक्षेप घेतला. त्यांचे म्हणणे होते, की आता तरी आमच्यापासून ती खुर्ची लपवू नका. त्यांनीच निधी जमवला आणि जानेवारी २००१ मध्ये स्मारकाच्या दारातच चाकाच्या खुर्चीत बसलेल्या रूझवेल्ट यांचा नवा पुतळा उभा राहिला. मुले त्याच्या मांडीला हात लावतात, शेजारी उभी राहून फोटो काढतात.

आपण वर्गात काय सांगावे?

१. रूझवेल्ट जिद्दीने चालले असे सांगू नका. ते चालू शकत नव्हते, तरी त्यांनी देश चालवला असे सांगा. दोन्हीत फार फरक आहे.

२. त्यांच्या मेहनतीबरोबर त्यांना मिळालेल्या सोयीही मोजून सांगा. रॅम्प, कॅलिपर, हाताने चालणारी गाडी, दंड देणारा मुलगा, साथ देणारी बायको. आणि पैसाही होता, हे विसरू नका. आपल्या वर्गातल्या मुलाकडे तो नसतो, म्हणून शाळेची जबाबदारी वाढते.

३. सैल स्नायूंचे मूल लवकर दमते. पाठ टेकायला आधार द्या, पाय जमिनीला टेकतील अशी बसायची जागा द्या. लिहायला जास्त वेळ द्या, गरज असेल तर तोंडी उत्तरे घ्या. त्याला आळशी म्हणू नका.

४. व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. प्रमाणपत्र काढले नसेल तर आपल्या केंद्रातील विशेष शिक्षकांची मदत घ्या.

५. मुलांना हा प्रश्न द्या : आपल्या शाळेत रूझवेल्ट विद्यार्थी म्हणून आले, तर ते कुठे कुठे अडतील? मुलांना वही घेऊन शाळाभर फिरू द्या.

हा शेवटचा उपक्रम मी त्याच वर्षी घेतला. मुलांनी अकरा जागा शोधल्या. स्वच्छतागृहाची पायरी, हातपाय धुवायच्या नळाचा ओटा, पोषण आहाराची रांग, अशा रोजच्याच जागा होत्या. मला त्यातल्या सात कधी दिसल्याच नव्हत्या. यादी त्या मुलीनेच सांगितली आणि बाकीच्यांनी लिहून घेतली. आम्ही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ती यादी ठेवली. सगळे झाले असे नाही. पण व्हरांड्यात पाइपचा कठडा बसला आणि स्वच्छतागृहाच्या पायरीवर उतार आला.

आणि तिच्या प्रश्नाचे उत्तरही मी दिले, उशिरा का होईना. तिला सांगितले, तुझी जिद्द अजिबात कमी नाही, चूक बाईंची होती, गोष्ट अर्धी सांगितली. मग पूर्ण गोष्ट सगळ्या वर्गाला सांगितली. पडलेला राष्ट्राध्यक्ष ऐकून ती पहिल्यांदा हसली.

येत्या ३ डिसेंबरला आपण ही गोष्ट सांगणार असाल तर पूर्ण सांगा, एवढीच विनंती. आपल्या शाळेतल्या अडणाऱ्या जागा किती निघाल्या तेही जरूर कळवा.